दार उघडे ठेवलेली मंडळी

ज्या पंथात लग्न नाही त्या पंथात मूल नाही, आणि ज्या पंथात मूल नाही त्या पंथाचे डोळे सदैव दाराकडे लागलेले असणार, हे सांगावयास कुणा पंडिताची गरज नाही. अमेरिकेतील ‘शेकर’ नावाचा ख्रिस्ती पंथ हा अशांपैकी एक. अडीचशे वर्षे तो जगला, तो पोटी आलेल्या मुलांवर नव्हे. दारी आलेल्या माणसांवर. माणसे येत होती तोवर गावेच्या गावे उभी राहिली. यावयाची थांबली तसे एकेक गाव मिटत गेले. २ जानेवारी २०१७ रोजी सिस्टर फ्रान्सिस कार वयाच्या ८९ व्या वर्षी वारल्या, तेव्हा या पंथाची माणसे उरली दोन. एक पुरुष आणि एक बाई.

अशा दोघांनी काय करावे? तुम्ही म्हणाल, जे आहे ते नीट झाकून ठेवावे, कागदपत्रे एखाद्या ग्रंथालयाच्या हवाली करावीत आणि देवाचे नाव घेत राहावे. त्या दोघांनी तसे केले नाही. त्यांनी रविवारची उपासना चालू ठेवली, तिचे दार सर्वांना उघडे ठेवले, आणि कुणीतरी येईल, येऊन राहील, अशी वाट पाहिली. हा नुसता भाबडेपणा की आणखी काही, हे आज तुमच्यापुढे मांडावयाचे आहे. त्यासाठी मला त्यांच्याच घरातले एक जुने भांडण सांगावे लागेल; कारण ही वाट पाहणे सगळ्याच शेकरांना मान्य नव्हते.

पण आधी थोडी ओळख. इंग्लंडात मँचेस्टर शहरी १७३६ साली एका लोहाराच्या घरी ॲन ली जन्मली. लिहिणे-वाचणे नाही, लहानपणापासून कापडाच्या गिरणीत राबणे. लग्न झाले, चार मुले झाली, चारही गेली. उपासनेत अंगात कंप सुटणाऱ्या, ओरडणाऱ्या, नाचणाऱ्या एका लहानशा मंडळीत ती सामील झाली. या कंपावरूनच लोकांनी त्यांना ‘शेकर’, म्हणजे थरथरणारे, असे चेष्टेने म्हणावयास सुरुवात केली, आणि चेष्टेचे नाव हेच पुढे घरचे नाव झाले. उपासनेत दंगा करते म्हणून तिला तुरुंगात घातले. तेथे तिला जे दर्शन झाले त्याचा अर्थ तिने असा घेतला, की माणसाच्या अधोगतीचे मूळ स्त्रीपुरुषसंबंधात आहे आणि ज्याला ख्रिस्ताच्या मागे जावयाचे त्याने ब्रह्मचर्य पाळावे. १७७४ साली आठ सोबत्यांना घेऊन ती न्यूयॉर्कला उतरली. नवरा तेथे तिला सोडून गेला. १७८४ साली ती वारली, तेव्हा पंथ नुकता कुठे अंग धरू लागला होता.

तिच्यामागे जोसेफ मीचम आणि लूसी राइट या दोघांनी पंथाची घडी बसविली. खाजगी मालमत्ता नाही. जे आहे ते सर्वांचे. स्त्रिया व पुरुष एकाच मोठ्या घरात, पण जिने वेगळे, दारे वेगळी. कारभारात जितके पुरुष वडील तितक्याच स्त्रिया वडील. देव जसा पिता तशी माताही, अशी श्रद्धा. आत येणाऱ्याने आपली पापे वडिलांपुढे बोलून दाखवावीत. पुरुषाने पुरुषापुढे, बाईने बाईपुढे. लढाईत शस्त्र धरावयाचे नाही. बाप्तिस्मा, प्रभुभोजन असले विधी नाहीत. काम हीच पूजा मानली जाई, आणि ते इतके नेटके, की त्यांच्या खुर्च्या, त्यांच्या पातळ लाकडाच्या लंबगोल पेट्या, त्यांनी प्रथम कागदी पुड्यांतून विकलेले भाजीपाल्याचे बियाणे यांना बाजारात मान होता.

इतिहासाच्या तासाला हा पंथ सांगितला की मागच्या बाकावर हमखास हसू फुटते. “सर, मग तो चालला कसा?” मी म्हणतो, आपल्याकडचे मठ कसे चालले? आपल्या जुन्या वैयाकरणांनी वंश दोन प्रकारचा सांगितला आहे, एक जन्माचा आणि दुसरा विद्येचा. शेकरांनी पहिला सोडला आणि सगळा भार दुसऱ्यावर टाकला. मात्र एक फरक ध्यानात घ्या. आपल्या मठात एक गुरू आणि एक पट्टशिष्य एवढे मिळाले की परंपरा तगते. बाकीचा समाज आपापल्या घरी संसार करीत तिला पोसतो. शेकरांचे तसे नव्हते. त्यांना शेते पिकवावयाची, गाई राखावयाच्या, शंभर-शंभर माणसांचे घर चालवावयाचे. त्यांना शिष्य नव्हे, मंडळी हवी होती.

हा ‘मंडळी’ शब्द मला येथे फार बरा वाटतो. आपल्याकडचे ख्रिस्ती लोक चर्चच्या सभासदांना मंडळी म्हणतात, आणि आपल्या घरांतूनही पानावर बसलेली ती मंडळीच. शेकर होणे म्हणजे काही मतांना मान डोलावणे नव्हे. त्या पंगतीत रोज बसणे. म्हणून तेथे नवा माणूस घेणे ही वहीत नाव लिहिण्याइतकी सोपी गोष्ट कधीच नव्हती.

आणि माणसे आली! १८०५ सालच्या पहिल्या दिवशी तिघे प्रचारक केंटकी-ओहायोकडे पायी निघाले. हजाराहून अधिक मैल चालले. त्यांच्या मागे तिकडे गावे वसली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मेन राज्यापासून केंटकीपर्यंत दीड डझनांवर शेकर गावे होती, आणि चार हजारांच्या आसपास माणसे. कुणी साक्षात्काराने आले, कुणी नवरा मेला म्हणून, कुणी दारूतून सुटण्यासाठी, कुणी बायकामुलांसह. अशी कुटुंबे आत आली की नवरा-बायको बहीण-भाऊ होत आणि मुले सर्वांची होत. आणखी एक जात होती, तिला शेकर लोक स्वतःच ‘हिवाळी शेकर’ म्हणत. थंडी पडू लागली की हे गृहस्थ मोठ्या भक्तिभावाने दारात उभे. ऊबदार खोली, पोटभर जेवण, रोज प्रार्थना. वसंत ऋतू आला, बर्फ वितळले, की भक्तीही वितळे! वडिलांना हे कळत नव्हते असे नाही. तरी पुढच्या हिवाळ्यात ते दार लावून घेत नसत. शंभरांतला एखादा राहून जाई, आणि तो कोणता हे आधी ओळखता येत नसे.

मुलांचेही तसेच. पोरकी मुले, गरिबांची मुले ते लेखी करार करून वाढवावयास घेत. लिहिणे, वाचणे, एखादा धंदा शिकवीत. एकविसावे वर्ष लागले की विचारीत: राहतोस की जातोस? बहुतेक जात. जाणाऱ्याला कुणी बांधून ठेवीत नसे.

पुढे वारा फिरला. कारखान्यांतून स्वस्त खुर्च्या आणि झाडू निघू लागले. शहरांत पगार मिळू लागला, पश्चिमेकडे जमिनी मिळू लागल्या. तरुण पुरुष आधी गेले. मागे राहिल्या त्या बहुतेक बायका. पोरक्या मुलांची सोय सरकार व इतर संस्था पाहू लागल्या, तो झराही आटला. गावे एकामागून एक विकली गेली. जेथून सगळा कारभार चाले ते माउंट लेबनन १९४७ साली बंद झाले, हँकॉक १९६० साली. उरली दोन: न्यू हँपशायरमधले कँटरबरी आणि मेन राज्यातले सॅबथडे लेक.

भांडण आहे ते या दोन गावांत. १९५७ साली पंथाचा कारभार पाहणाऱ्या तीन वयोवृद्ध भगिनींनी, कित्येक महिने प्रार्थना केल्यावर, असे ठरविले की ज्या करारनाम्यावर सही करून माणूस शेकर होतो तो यापुढे मिटवावा. नवा सभासद घ्यावयाचा नाही. पुढे कँटरबरीच्या बर्था लिंडसे यांनी तर हेही सांगितले, की तो दस्तऐवज आमच्या तिजोरीत आहे आणि सभासदत्व कायमचे बंद आहे.

या म्हाताऱ्या बायकांना नावे ठेवण्याचा मोह होतो, ठेवू नयेत. त्यांची बाजू बळकट होती. गावे विकून पैसा साठला होता, आणि माणसे मूठभर उरली होती. अशा घराकडे कोण येणार? भक्त येईल तसा वारसही येईल. जुन्या शेकर खुर्चीला आता लिलावात मोठी किंमत येऊ लागली होती. शिवाय शिकविणार कोण? पुरुषाचे पापनिवेदन पुरुषाने ऐकावयाचे, आणि पुरुष तर राहिले नव्हते. सॅबथडे लेकचे ब्रदर डेल्मर विल्सन १९६१ साली गेले, ते त्या जुन्या पिढीतले शेवटचे. ऐंशी वर्षांच्या बाईने वीस वर्षांच्या मुलाला उमेदवार म्हणून घ्यावे, आणि दहा वर्षांत त्याला ओस घरात एकटे टाकून जावे, हा धर्म की निष्ठुरपणा? आमचे काम पुरे झाले, देवाने दिलेले देवाला परत देतो, असे म्हणून शांतपणे मिटून जाण्यातही एक प्रकारची श्रद्धा आहे. कँटरबरीत सिस्टर एथेल हडसन १९९२ साली वारल्या. तेथे आज संग्रहालय आहे, आणि ते चांगले राखलेले आहे असे सगळे सांगतात.

टॉलस्टॉयने या अडचणीच्या मुळावरच बोट ठेवले होते. १८९० च्या सुमारास त्याचा आणि शेकरांचे वडील फ्रेडरिक इव्हान्स यांचा पत्रव्यवहार झाला. त्याने विचारले ते असे: तुम्ही बळाचा प्रतिकार बळाने करीत नाही म्हणता, मग सामाईक का होईना, मालमत्ता राखता कशी? कुणी बळकावू लागला तर काय कराल? ज्या टॉलस्टॉयच्या नावाने गांधीजींनी १९१० साली दक्षिण आफ्रिकेत आश्रम काढला, तोच हा. ब्रह्मचर्य, सामाईक स्वयंपाक, हाताचे काम हे सगळे त्या आश्रमातही होते. म्हणून शेकरांपासून गांधीजींपर्यंत सरळ रेघ ओढावी असे मी म्हणणार नाही. पण प्रश्न तोच आहे. सर्वस्व सोडलेल्यांचेही एक घर असते, आणि घर असले की दारात कोण उभे आहे याची धास्ती असते.

सॅबथडे लेकच्या भगिनींनी हा निर्णय मानला नाही. थिओडोर जॉन्सन नावाचा एक शिकलेला तरुण तेथे येऊ लागला होता. त्यांनी त्याला आपल्यात घेतले. कँटरबरीला ते रुचले नाही आणि दोन गावांत दुरावा आला, तो अखेरपर्यंत पुरता गेला नाही. जॉन्सनने ग्रंथालय लावले, १९६१ पासून एक त्रैमासिक काढले, उपासनेला नवा हुरूप आणला. त्याच्यावर टीका करणारेही होते: हा विद्वान शेकर झाला की शेकरांचा अभ्यासक होऊन राहिला? मला हा प्रश्न फारसा महत्त्वाचा वाटत नाही. बाहेरचा माणूस घरात घेतला की तो आपल्या पायांची धूळ आणणारच. ती नको असेल तर दार लावावे लागते. त्या भगिनींनी धूळ पत्करली.

त्यांच्यांत सिस्टर मिल्ड्रेड बार्कर होत्या. १९०३ साली, अगदी लहान असताना, आईने त्यांना आल्फ्रेडच्या शेकर गावात आणून ठेवले. तेथील पॉलिना स्प्रिंगर या वृद्ध भगिनीपाशी ही पोर बसे. म्हातारी मरणाला टेकली तेव्हा तिने मुलीकडून वचन घेतले, की तू शेकर होशील. मुलीने देऊन टाकले. आपण काय देऊन बसलो हे कळावयास आपल्याला उभा जन्म लागला, अशा अर्थाचे त्या पुढे सांगत. पुढे १९३१ साली आल्फ्रेड मिटले आणि तेथली माणसे सॅबथडे लेकला आली. मिल्ड्रेड आल्या त्या शेकडो गीते तोंडपाठ घेऊनच. शेकरांची गीते हजारोंनी आहेत. पुष्कळशी त्यांच्या खास अक्षरलिपीत उतरवलेली असली, तरी कोठे थांबावयाचे, कोणत्या शब्दाला हात कसा करावयाचा हे कागदावर उतरत नाही. ते शेजारी बसून, ऐकून शिकावे लागते. आपल्याकडे भजनी मंडळात ज्याने टाळ धरला असेल त्याला हे वेगळे सांगावयास नको. १९८३ साली अमेरिकेने त्यांना लोककलेचा राष्ट्रीय सन्मान दिला. पण आपल्याला लोकांनी फर्निचर म्हणून लक्षात ठेवावे हे त्यांना मुळीच पसंत नव्हते, आणि ते त्या स्पष्ट बोलत. १९९० साली त्या गेल्या.

मला वाटते, दार उघडे ठेवण्याचे खरे कारण येथे सापडते. जिच्याकडून मरणाच्या बिछान्यावरून वचन घेतले गेले तिने आपल्यामागे कुणाकडून वचन मागू नये, असे कसे व्हावे? तिजोरीत करारनामा राहतो, वचन राहत नाही. आणि दुसरे असे की, नवा माणूस येऊ शकतो एवढ्या शक्यतेनेच घरातल्या जुन्या माणसांचे वागणे बदलते. कुणी येणारच नाही असे ठरले की रविवारचे गीत आठवण होऊन बसते. कुणी येईल असे असले की तेच गीत नीट म्हणावे लागते, कारण ऐकणारा उद्या शिकावयास मागेल.

१९७८ साली असा एक आला. आर्नल्ड हॅड, वय वर्षे एकवीस. ज्या वयात पोरकी मुले पूर्वी गाव सोडून जात त्याच वयात हा आत आला. मिल्ड्रेड आणि फ्रान्सिस यांच्याजवळ तो शिकला. शेती, मेंढ्या, छापखाना, गीते. १९८६ साली थिओडोर जॉन्सन अवचित वारले, तरी घर उभे राहिले ते या शिकण्यामुळे. नंतरही लोक येत राहिले. काही महिने राहिले, काही वर्षे राहिले, आणि बरेच जण निघून गेले. एकाने तर तेथे भेटलेल्या बाईशी लग्न करण्यासाठी गाव सोडले, असे म्हणे! असो. ज्या घराने अडीचशे वर्षे जाणाऱ्याला निरोप दिला त्याला हे नवे नाही.

तुमच्या मनात आले असेल, एवढी माणसांची ओढ आहे तर नियम थोडे सैल का करीत नाहीत? संसार करू द्यावा, निदान पगार आपापला ठेवू द्यावा. माणसे रांगा लावतील. पण त्या रांगेतली माणसे शेकर नसतील, आणि हे त्या दोघांना पक्के ठाऊक होते. आशा धरावयाची, पण भाव उतरवावयाचा नाही. बाजारात हे जमत नाही. दुकानदार गिऱ्हाईक तुटले की सूट देतो. म्हणून येणाऱ्याची परीक्षा पूर्वीसारखीच राहिली. आठवडाभर राहिला की एका कागदावर सही करावयाची, की उद्या मी निघून गेलो तर केलेल्या कामाचा पगार मागणार नाही. हिवाळी शेकरांचा अनुभव व्यर्थ गेला नाही, हे यावरून दिसते! वर्ष झाले की मंडळी मत देते. होकार आला तर आणखी चार वर्षे. मग तो पैशाच्या व कारभाराच्या गोष्टींत बरोबरीचा. वारसाच्या भीतीला त्यांनी शोधलेले हे उत्तर आहे. कँटरबरीने तिच्यावर तिजोरीची किल्ली फिरविली. यांनी पाच वर्षांचा जिना बांधला. ज्याला मालमत्ता हवी तो पाच वर्षे पहाटे उठून मेंढ्यांना वैरण घालणार नाही. घातली, तर मग तो लबाड उरला असे तरी कसे म्हणावे?

ॲन लीच्या नावावर एक भविष्य सांगतात: शेकर इतके थोडे उरतील की लहान मुलाला एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि तेव्हा पंथ पुन्हा वर येईल. ते तिने सांगितले की मागच्यांनी धीर यावा म्हणून तिच्या तोंडी घातले, हा वाद मी येथे घालत नाही. पण ज्यांच्यावर बोटांवर मोजले जाण्याची वेळ खरोखर आली, त्यांना ते मोजताना काय वाटत असेल याचा विचार करून पाहा.

२०२५ साली वर्तमानपत्रांतून बातमी आली की सॅबथडे लेक येथे आणखी एक बाई येऊन राहिल्या आहेत आणि दोनाची संख्या तीन झाली आहे. त्याच वर्षी ॲन लीवर एक चित्रपटही निघाला. चित्रपट पाहून पुष्कळ लोक तिकडे गाडी वळवतील. त्यांतले बरेचसे १७९४ साली बांधलेल्या त्या पांढऱ्या उपासनागृहासमोर उभे राहून छायाचित्र काढतील, दुकानात वाळवलेल्या पुदिन्याची डबी घेतील, आणि जातील. रविवारी आलेल्यांना मात्र आत बसावयास मिळते. पुरुषांनी पुरुषांच्या दाराने जावे, बायकांनी बायकांच्या. गीत सुरू होते. मधूनच कुणी उठून मनात आलेले दोन शब्द बोलतो, आणि पाहुण्यालाही बोलावयास मनाई नाही. उपासना संपली की ब्रदर आर्नल्ड यांना गोठ्याकडे जावयाचे असते.